येळवशीच्या दिवशी भरलेले फॉर्म

मार्गशीर्ष उतरणीला लागला की लातूरकडून फोन यायला लागतात. "येळवसला येणार ना?" एवढाच प्रश्न, वेगवेगळ्या आवाजांत. कॅलेंडरात वेळ अमावस्या असं छापलेलं असतं, पण आमच्याकडे तसं कोणी म्हणत नाही. येळवस म्हणजे घराला कुलूप लावून सगळ्यांनी वावरात जायचं, कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग बांधावरून जाणाऱ्या कोणालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. माझं माहेर लातूरचं. लग्न होऊन नांदेडला आले, इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, त्यालाही वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत येळवस मी क्वचितच चुकवली. गेल्या तीन वर्षांत मात्र एकदाही गेलेले नाही. कोणाला परीक्षेचं काम सांगते, कोणाला गुडघा सांगते. गुडघा दुखतो हे खरं, पण तेवढा दुखत नाही.

घरीच करते मग भज्जी. नांदेडच्या बाजारात या दिवसांत सगळं मिळतं: तुरीचे ओले दाणे, हिरवा हरभरा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, कोवळी वांगी. चिंचेच्या कोळात बेसन कालवून लावते, लसणाची फोडणी देते. आदल्या दिवशी ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबील करून ठेवते. सगळं रीतसर होतं आणि तरी ते टेबलावर मांडलं की परक्याच्या घरचं वाटतं. नवरा दोन घास खाऊन म्हणतो, "चांगली झालीय." या "चांगली"चा अर्थ बायकांना बरोबर कळतो. वावरातली भज्जी थंड झालेली असते, तिच्यात कडब्याचं कूस पडलेलं असतं, आणि ती खाताना पाठीला ऊन लागत असतं. हे काही बाजारात मिळत नाही.

रुक्मिण माझी एमएस्सीची विद्यार्थिनी. किल्लारीची. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात जन्मलेली, त्यामुळे जुनं गाव तिला फक्त ऐकून ठाऊक. अंगानं बारीक, अक्षर मोत्यासारखं, आणि बोलणं इतकं कमी की हजेरी घेताना दोनदा नाव घ्यावं लागायचं. मी काहीही सांगितलं की "हाव मॅडम" म्हणायची आणि ते करायची. अशी मुलगी मिळाली की आम्ही मास्तरलोक तिला गुणी म्हणतो. गुणी म्हणजे आपल्याला त्रास न देणारी, हे मला फार उशिरा कळलं.

संशोधनाचा विषय मात्र तिनं स्वतः आणला होता. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. एरवी पोरं येतात आणि "मॅडम, तुम्हीच द्या एखादा सोपा" म्हणून उभी राहतात. ही प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, येळवसच्या भज्जीत काय काय पडतं ते लिहून काढलं तर? माझी आजी सांगायची, पंधरा-सोळा पाले पडायचे म्हणून. आता आमच्याकडं सगळं सोयाबीन आन ऊस. बघू की, काय राहिलंय." मला विषय फार आवडला. चाकवत, पाथरी, घोळ, तांदुळजा, करडईचा कोवळा पाला, अशी यादी आम्ही दोघींनी मिळून केली. प्रत्येक नावासमोर दोन चौकोन काढले, आहे आणि नाही. आणि ही माहिती येळवशीच्याच दिवशी गोळा करायची, ही कल्पना माझी. सगळ्या बाया एका दिवशी एका जागी, आपापल्या वावरात सापडतात, मग घरोघर कशाला हिंडायचं? स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी भलतीच खूश होते.

रुक्मिण किल्लारीत हिंडली, तिच्या तीन मैत्रिणी आपापल्या गावांत हिंडल्या. फॉर्म आले तेव्हा त्यांना आंबिलीचा वास होता आणि कित्येकांवर तेलाची बोटं उमटली होती. आणि प्रत्येक फॉर्मवर खूण "आहे"च्या चौकोनात. सगळ्या भाज्या आहेत. पाथरीसुद्धा आहे. पाथरी म्हणजे रब्बीच्या ज्वारीत जमिनीला चिकटून उगवणारी, किंचित कडवट पानांची भाजी. ती पेरावी लागत नाही, आपली आपण येते, आणि तणनाशकाच्या पहिल्या फवाऱ्यालाच मरते. ती चारही गावांत आहे म्हटल्यावर मी हरखलेच. सगळे जण गेलं गेलं म्हणून रडतात, आणि आमच्या बायांनी तर सगळं सांभाळून ठेवलंय! मी तसाच पेपर लिहून एका जर्नलाला पाठवला. आमच्या रिवाजाप्रमाणे माझं नाव आधी, रुक्मिणचं नंतर.

दिवाळीच्या सुट्टीत नकार आला. फराळाचं ताट बाजूला सारून मी तो वाचला. परीक्षकानं, कोण कुठला देव जाणे, शांतपणे लिहिलं होतं की जिथं वर्षानुवर्षं तणनाशक मारलं जातं तिथं ही वनस्पती इतकी सर्रास असेल यावर विश्वास ठेवणं कठीण जातं. नोंदींमध्ये एकही "नाही" कसं नाही, असंही त्यानं विचारलं होतं. लेखकांनी वनस्पती डोळ्यांनी पाहिली की नुसती विचारली? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्यानं जन्मात कधी आंबील चाखली नाही तो आम्हाला आमच्या वावरातलं सांगणार! रुक्मिणला फोन करून मी त्या अनोळखी माणसाचा यथेच्छ उद्धार केला. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मॅडम, पण आपण बघितली न्हाई हे खरं हाय." मी म्हटलं, "तू त्याच्या बाजूनं का माझ्या?"

मग दुसरं जर्नल शोधायचे दिवस सुरू झाले. ते आठवले की अजून जीव उदास होतो. घाई होती, कारण पुण्याच्या एका संस्थेत रुक्मिणला पीएचडीला जायचं होतं, आणि तिथं मुलाखतीला बसायचं तर मार्चच्या आत पेपर स्वीकारल्याचं पत्र हातात हवं होतं. तेवढं झालं असतं तर किल्लारीची ही मुलगी खऱ्याखुऱ्या संशोधनात गेली असती. आमच्या विभागातून आजवर कोणी गेलं नव्हतं. खरं सगळंच सांगायचं तर माझ्याही पदोन्नतीच्या फाइलीत एक पेपर कमी पडत होता. पण तेव्हा मी हे स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

विभागात एकच चालता कॉम्प्युटर, तोही खिडकीपाशी. बाहेरून अर्धापूरकडची केळी लादलेले टेम्पो जायचे आणि काच थरथरायची. रुक्मिण वहीत रकाने आखून जर्नलांची नावं लिहायची: कोणत्या विषयाचं, किती दिवसांत उत्तर देतात, विद्यापीठाच्या मान्य यादीत आहे की नाही. एकानं "आमच्या कक्षेत बसत नाही" म्हणून दोन ओळींत वाटेला लावलं. एकानं उत्तरच दिलं नाही. एकाचा मेल मात्र पाठवल्या दिवशीच दुपारी आला, "आदरणीय विद्वान" अशी सुरुवात, आणि लेख उत्कृष्ट असून स्वीकारला आहे. मी रुक्मिणला म्हटलं, "बघ, वाचायला लागतो तेवढा वेळ तरी घ्यायचा होता मेल्यांनी. असल्यांपासून लांब राहायचं. संशोधनात लबाडीला थारा नाही." ती "हाव मॅडम" म्हणाली आणि वहीतलं ते नाव खोडून टाकलं. हे वाक्य मी किती ठसक्यात म्हटलं होतं ते मला अजून ऐकू येतं, आणि लाज वाटते.

डिसेंबरात एका जुन्या, लहानशा जर्नलाच्या वयस्क संपादकांचं पत्र आलं. फार सज्जन भाषा. विषय मोलाचा आहे, लेख घेऊ. फक्त चारही गावांतल्या पाथरीचे वाळवलेले नमुने, कागदावर चिकटवून, कुठे आणि कधी गोळा केले ते लिहून पाठवा. मी पत्र दोनदा वाचून दाखवलं. रुक्मिणला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. येळवस आठवड्यावर आली होती. म्हटलं, चला, सणही होईल आणि कामही होईल.

किल्लारीला रुक्मिणची आई, गयाबाई, बांधापर्यंत घ्यायला आल्या. डोक्यावर पदर, हाताला ओला चुना. "या मॅडम, या. लई वाट बगितली." कोपीपुढं घोंगडी अंथरली होती. गयाबाईंच्या दिरानं आंबिलीचं मडकं घेऊन पिकाला फेरी मारली, "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत ज्वारीवर शिंतोडे उडवले. पोटभर जेवण झालं. मग मी कागद आणि खुरपं काढून विचारलं, "गयाबाई, पाथरी कुठल्या अंगाला आहे?"

"हाय की," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"हाय, हाय. हितंच हाय सगळीकडं."

रुक्मिण आणि मी उठलो. ज्वारीच्या ओळींतून वाकून वाकून हिंडलो, बांध पाहिला, विहिरीची कड पाहिली, शेजारच्या दोन वावरांत विचारलं. तिथल्याही बाया "हाय की" म्हणाल्या आणि ताटात बाजरीचा उंडा वाढायला लागल्या. काळी भुई स्वच्छ होती. ज्वारीच्या बुडाशी गवताचं एक पातं नव्हतं. दोन तासांनी रुक्मिण आईपुढं जाऊन उभी राहिली. "माय, खरं सांग. पाथरी हाय का न्हाई?"

गयाबाईंनी आधी कोपीकडं पाहिलं. मग मला बाजूला घेऊन, बांध ओलांडून गाडीवाटेवर नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आज लक्ष्मी वावरात आस्ती. तिच्यासमोर कशाला न्हाई म्हणू न्हाई. न्हाई म्हणलं की ती ऐकती, आन मग खरंच ऱ्हात न्हाई." पुढं म्हणाल्या, "पाथरी कवाच गेली. रुक्मी शाळंत व्हती तवा शेवटची बगितली. भज्जीतला चाकवत बी औशाच्या बाजारचा हाय."

मी गाडीवाटेवर उभ्या उभ्या हिशेब केला. सगळे फॉर्म याच दिवशी भरलेले. प्रत्येक बाईला आम्ही नेमक्या त्याच दिवशी विचारलं होतं, ज्या दिवशी ती नाही म्हणणार नव्हती. आणि मी लातूरची! आमच्या घरातसुद्धा येळवशीला आई डबे उघडू द्यायची नाही, तांदूळ संपले म्हणायची चोरी होती, वाढले म्हणावं लागायचं. ते सगळं ऐकत वाढलेली मी, शिकून आले आणि आहे-नाहीचे चौकोन आखून बसले. त्या कुठल्या परक्या माणसाला जे कागदावरून दिसलं ते आम्हा दोघींना दिसलं नाही. आपण आपल्या माणसांत राहतो म्हणून आपल्याला ती कळतात, हा माझा गर्व त्या दुपारी पार उतरला.

परतीच्या बसनं अहमदपूर गाठलं. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा रुक्मिण म्हणाली, "मॅडम, आपण पुन्हा विचारू. साध्या दिवशी. खरं तर हेच मोठं हाय की. सगळ्या हाय म्हणल्या आन एकीकडं बी न्हाई." ती उत्साहानं सांगत होती. चारही गावांत पुन्हा जायचं, दर महिन्याला एकदा, वर्षभर. आज मला कळतं की तो खरा शोध होता, आणि तो तिनं बसच्या सीटवर बसून, कोणाच्याही मदतीशिवाय लावला होता. मी म्हटलं, "वर्ष गेलं तर पुणं गेलं. कळतंय का तुला?" तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. खिडकीबाहेर तुरी पिवळ्या पडलेल्या होत्या.

आमच्या प्रयोगशाळेच्या मागं एक गळका नळ आहे. तिथं पाथरी उगवते. त्या आठवड्यात मी स्वतः जाऊन चार रोपं मुळासकट उपटली, वर्तमानपत्रात दाबून वाळवली, जाड कागदावर चिकटवली. रुक्मिणला बोलावून घेतलं, कारण अक्षर तिचं चांगलं.

"लिही. पहिल्यावर किल्लारी."

ती कागदाकडं बघत राहिली. नळावरची रोपं तीही रोज बघायची. तिला सांगायची गरजच नव्हती.

"तुझ्यासाठीच करतेय ना हे सगळं," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा.

तिनं पेन उघडलं. "तारीख कोणती टाकू, मॅडम?"

"अमावस्येचीच टाक."

तिनं चारही कागदांवर चार गावं लिहिली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. शाई वाळेपर्यंत थांबून तिनं कागद एकावर एक ठेवले, नमस्कार केला आणि गेली.

पेपर छापून आला. स्वीकृतीचं पत्र त्याआधीच, फेब्रुवारीत आलं होतं. मुलाखतीनंतर मी फोन केला तर म्हणाली, "बरी झाली न्हाई मॅडम. न्हाई झालं माझं." मी तिची समजूत घातली, एवढ्यानं खचायचं नाही वगैरे. मनातून मला तिचा थोडा रागच आला होता. आपण इतकं करायचं आणि पोरीनं मुलाखतीत तोंड उघडायचं नाही! त्याच वर्षी माझी पदोन्नती झाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पुढच्या डिसेंबरात किल्लारीहून फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा गुडघ्याचं कारण सांगितलं.

माणसाला आपलं पाप विसरता येतं, त्याला फार कष्ट पडत नाहीत. कामाचा रेटा असतो, पेपर तपासायचे असतात, घरात पाहुणे येतात. मीही विसरले होते. पण या महिन्यात एक नवी विद्यार्थिनी माझ्यासमोर येऊन बसली. तणनाशकामुळे रानभाज्यांचं काय झालं, हे तिला शोधायचं होतं. दोन दिवसांनी आली ती पडलेला चेहरा घेऊन. हातात माझाच पेपर. "मॅडम, तुमी तर लिहिलंय की लातूरकडं पाथरी सगळीकडं हाय. मग माझ्या विषयात काय राहिलं? दुसरा विषय द्या." मी तो पेपर हातात घेतला. वरती माझं नाव ठळक होतं. तिला म्हटलं, "विषय सोडू नकोस, चार दिवस थांब."

त्याच संध्याकाळी गयाबाईंचा नेहमीचा फोन आला. मी बोलता बोलता म्हटलं, "रुक्मिणचं पुण्याचं तेवढं हुकलं, याचं मला अजून वाईट वाटतं हो."

"हुकतंय कशाचं मॅडम," गयाबाई म्हणाल्या. "ती गेलीच न्हाई तिकडं. तिकीट बी काढलं न्हाई. त्या कागदावर कशी जाऊ म्हणली. आमी लई बोललो तिला. तुमाला सांगितलं न्हाई का तिनं?"

मी फोन ठेवला. ज्या पेपरासाठी मी ते चार कागद केले, तो तिनं वापरलाच नव्हता. त्याचा उपयोग आजवर फक्त एकाच माणसाला झाला, आणि ते माणूस मी. वर तिनं मला नीट खोटं सांगून ठेवलं, मला वाईट वाटू नये म्हणून. तीन वर्षं मी तिच्यावर मनातल्या मनात चिडून होते, आणि ती तिकडं माझी लाज राखत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना पत्र लिहायला घेतलं. पेपर मागं घ्यावा, नमुने त्या त्या गावांतले नाहीत. लिहायला अख्खा दिवस गेला, कारण कोणत्याही वाक्यात मी चांगली दिसत नव्हते. दोन्ही लेखकांच्या सह्या लागतात, म्हणून ते छापून घेऊन लातूरला गेले.

रुक्मिण आता तिथल्या एका क्लासमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची जीवशास्त्राची तयारी करून घेते. दुपारची सुट्टी झाली होती, जिन्यावर पोरापोरींची गर्दी होती. मला बघून ती धावत खाली आली, वाकून पाया पडली. "मॅडम, कळवायचं तरी. चहा सांगू?" थोडी भरली होती अंगानं. ओढणीवर खडूची पांढरी बोटं. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर आम्ही बसलो. मी सरळ विचारलं, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगायचं मॅडम," ती म्हणाली. "तुमी किती धावपळ केली व्हती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पिशवीतून पत्र काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते पहिल्या ओळीपासून वाचलं, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका वाचावी तसं, ओळीवर बोट ठेवून. मधल्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की हे नमुने आमच्याकडून नजरचुकीने दुसऱ्या ठिकाणचे जोडले गेले. तिचं बोट तिथं थांबलं. बाहेर पुढच्या तासाची घंटा झाली. रुक्मिणनं खिशातलं पेन काढलं, "नजरचुकीने" या शब्दावर एक सरळ रेघ मारली, खाली आपली सही केली आणि पेन तसंच उघडं माझ्या हातात दिलं.